आठव्या टबाचा सातबारा

दामिनीताई येणार म्हटलं की एरवी रागिणीला नकोसं व्हायचं. आज मात्र तीच रागिणी सकाळी सहा वाजता फाटक धरून अकोल्याहून येणाऱ्या नणंदेची वाट पाहत उभी होती. पंचवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. ऑटोचा आवाज आला की ती दोन पावलं पुढे जायची, आणि ऑटो भलत्याच दारात थांबला की त्या शेजाऱ्याचा मनातल्या मनात उद्धार करायची.

मे महिन्याचा शेवटचा रविवार, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, महादेवरावांच्या घरचा टबवाटपाचा दिवस. तिच्या नवऱ्याचं, गजेंद्रचं, कूलर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे जुन्या टबांना तोटा नव्हता. पण गच्चीवरच्या हिरव्या जाळीची सावली आठ टबांपुरतीच होती. कोणत्या टबात कोणती मिरची लावायची, ते घरातले सगळे हात वर करून ठरवत. अकरा वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरची जमीन गजेंद्रच्या नावावर झाली तेव्हा या घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता. दामिनीसमोर हक्कसोडीचा कागद ठेवला, तिने सही केली, आणि सगळ्यांनी जेवून घेतलं. त्या दिवशी न झालेलं सगळं भांडण आता दर वर्षी या आठ टबांवर निघायचं.

त्यातला आठवा टब, पाण्याच्या टाकीशेजारचा, मतदानाबाहेर होता. तो नांदगावच्या मिरचीचा. महादेवरावांच्या आईने शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जपलेली ती मिरची आता धुऱ्यावरही उरली नव्हती. होती ती या एका टबात. फुलं आली की महादेवराव त्या झाडांवर जुनी मच्छरदाणी टाकत. मधमाशी दुसऱ्या मिरचीवरून उठून हिच्यावर बसली की पुढच्या बियांत भेसळ होते, आणि भेसळ हा शब्द महादेवरावांना शिवीसारखा लागे. जन्मभर कापूस संकलन केंद्रावर त्यांनी ग्रेडरचं काम केलं होतं. बोटांनी धागा ओढून ते कापसाचा दर्जा सांगत, आणि निवृत्त झाल्यावर त्यांची बोटं बेकार झाली तेव्हा जिभेने ते काम हाती घेतलं.

मागच्या दिवाळीत त्यांनी बियाण्याच्या सात लाल मिरच्या दोऱ्यात ओवल्या आणि मुलाला हाक न मारता सुनेला मारली. "रागिणी, यापुढं बी तुह्यापाशी." त्या दिवशी रागिणीने मोर्शीला आईला तीनदा फोन केला होता. सोन्याच्या पाटल्या मिळाल्या तेव्हा एकदाच केला होता.

आणि चैत्रात त्या सातही मिरच्या जळाल्या.

रागिणीच्या मुलाला, अंकुरला, पुण्याच्या कंपनीत नोकरी लागल्याची बातमी आली, घरात पेढे आले, आणि कौशल्याबाईंनी नातवाची नजर काढायला घेतली. "सात मिरच्या आन बरं!" त्या ओरडल्या. रागिणीच्या एका कानाला फोन, एका हातात झारा, कढईत पुरी. तिने मोकळ्या हाताने खिळ्यावरची माळ ओढली आणि सासूच्या हातात दिली. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. गजेंद्र खोकत गच्चीवर पळाला, अंकुर पेढ्यासकट न्हाणीत शिरला, भिंतीपलीकडे भागीरथाबाईंनी खिडक्या धडाधड लावून घेतल्या. कौशल्याबाईंचं नाक मात्र कोरोनापासून गेलेलं. त्या धुराच्या लोटात उभ्या राहून म्हणत होत्या, "पाय बरं, मिरचीचा काही वासच नाई! केवढी नजर लागली होती माह्या पोट्ट्याले!" खोकणाऱ्यांपैकी एकाचीही त्यांना खरं सांगायची छाती झाली नाही. रागिणीने डोळ्यांवर पाणी मारलं, वर पाहिलं, आणि तिला रिकामा खिळा दिसला.

तिने त्याच संध्याकाळी बाजारातल्या सात मिरच्या ओवून खिळ्यावर टांगल्या. पण टबात बी टाकायच्या आधी महादेवराव मिरची जिभेवर ठेवून मोजत. बाजारची मिरची दोनाला चावते. नांदगावची अकरापर्यंत गोड लागते आणि मग डसते. या परीक्षेतून बाजारची माळ सुटणार नव्हती.

घरातल्या नांदगावच्या मिरच्या तर केव्हाच संपल्या होत्या. मग तिला आठवलं, दर दिवाळीला सासूबाई लेकीला फोडणीसाठी मूठभर नांदगावच्या मिरच्या देतात. तिने अकोल्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून दामिनी म्हणाली, "वयनी, फोन ठेवू नको. मले पयले हसू दे."

अखेर ऑटो दारात थांबला. हातात आंब्यांची पिशवी, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर अपार समाधान, अशी दामिनी उतरली. रागिणीने पिशवी घेतली आणि तिला थेट जिन्याखाली नेलं.

"आनल्या?"

"आनल्या." दामिनीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली, पण रागिणीचा हात पुढे येताच मागे घेतली. "फुकट नाई वं वयनी."

"साडी घ्या. मागल्या सोमवारी आनली ते. घडी नाई मोडली आजून."

"साडीचं काय करू? मले टब पायजे."

"कूलरचा? एक काय दोन न्या. दुकानात पडले हायेत."

"अथचा टब. गच्चीवरचा. माह्या नावाचा." दामिनी हसत बोलत होती, पण पुरचुंडीवरची तिची मूठ घट्ट होती. "दर साल मी येतो, रस काढतो, कनकेचे सरगुंडे वाफवतो, आन् हात वर करासाठी माहा नंबरच लागत नाई. म्हने, घरात रायते त्याईलेच टब. मी काय धर्मशाळेत जन्मली?"

रागिणीने क्षणभर आपल्या तिसऱ्या टबाचा विचार केला. त्या टबात ढोबळी मिरची लावता यावी म्हणून ती दोन वर्षं लढली होती. मोर्शी संत्र्याचं गाव, तिथल्या पोरीला तिखट कसं सोसणार, असं म्हणून सासरच्यांनी हसून घेतलं होतं, आणि तरी तिने तो टब मिळवला होता.

"माहा घ्या," ती म्हणाली. "मी सांगतो वर. वचन."

पुरचुंडी तिच्या हातात आली. दामिनी मात्र जरा घुटमळली. "वयनी, या मिरच्या..." ती म्हणाली, आणि मग, "जाऊ दे. चाल."

गच्चीवर सभा भरली होती. ऊन तापायच्या आत आटपायचं म्हणून सगळे घाईत, आणि घाईत असल्यामुळे सगळे एकदम बोलत होते. महादेवराव टाकीजवळ खुर्चीत. मधोमध स्टुलावर पंच म्हणून भागीरथाबाई, हातात लाकडी पट्टी. तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या या शेजारणीला दर वर्षी बोलवावंच लागे, कारण या घरातल्या कोणालाही मतं प्रामाणिकपणे मोजता येत नसत.

"ज्वालाले दोन टब. रोजच्या ठेच्याले. हात वर!" भागीरथाबाई म्हणाल्या. सगळे हात वर गेले. "गजेंद्र, दोन हात नाई. एक खाली."

"एक माहा, एक दुकानाचा," गजेंद्र म्हणाला.

"दुकानाले मत नाई. बसा."

मग गजेंद्रने भावनगरी मागितली. भज्यांसाठी दुसरी मिरची म्हणजे पोटावर अन्याय, असं त्याचं म्हणणं. अंकुरने कुरिअरने मागवलेली पुडी काढली. त्यात भूत मिरची होती. बाप-लेकांचं आधीच ठरलं होतं, तू मला मत दे, मी तुला देतो. भावनगरीला दोघांसह तीन हात वर गेले आणि टब मिळाला. भूत मिरचीच्या वेळी मात्र गजेंद्र खाली वाकून चपलेचा अंगठा तपासू लागला.

"बाबा! धोका!" अंकुर ओरडला.

"अरे, चप्पल तुटली."

"अंकुर, ते भूत लावाचं आसन तं शेजारी दवाखान्याची गाडी उभी ठेव," भागीरथाबाई म्हणाल्या. "धूर आमच्या घरी येते. चैत्रात आला होता तसा."

रागिणीने झटकन कमरेची पुरचुंडी चाचपली. कौशल्याबाई मात्र अभिमानाने मान हलवत म्हणाल्या, "तवा कुठी आला होता मिरचीचा धूर? वाससुदिक नवता!" आणि त्यांनी केवळ गजेंद्रची जिरवायची म्हणून नातवाच्या भुताला मत दिलं. अंकुरने आजीचे पाय धरले. गजेंद्रने आईवर फितुरीचा आरोप केला. कौशल्याबाई म्हणाल्या, भज्याचं पीठ कोण भिजवते ते आठव, मंग बोल. गजेंद्रने तत्काळ हात वर केला. भुताला टब मिळाला.

हसून हसून रागिणीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. कमरेला खोचलेली पुरचुंडी टोचत होती तरी तिला वाटलं, निभावून जाईल. बाकीचे टब वाटून झाले आणि शेवटी तिसऱ्या टबाचं नाव निघालं, तशी ती उभी राहिली.

"माहा टब मी दामिनीताईले देतो."

गजेंद्रने बायकोकडे असं पाहिलं की जणू तिने मंगळसूत्र विकायला काढलंय. "ढोबळीचा? ज्याच्यासाठी तू माह्यासंगं पंधरा दिवस बोलली नाई, तो?"

"हो."

"बरं नाई का तुले?"

"पंचांनी मतं घ्यावी," दामिनी म्हणाली. आवाज थट्टेचा होता, पण ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

भागीरथाबाईंनी पट्टी उचलली. पण त्याआधी महादेवराव बोलले. ते रागावले नव्हते, अगदी सहज बोलले, आणि तेच वाईट होतं. "दामिनीले आंबे दे, साडी दे, नाई कोन म्हनते? पन टब घरच्याईचा. लेकीची वाटनी नसते त्याच्यात."

सगळे आपापल्या टबांकडे पाहू लागले. अकरा वर्षांपूर्वीही असंच झालं होतं, आणि रागिणीला तो दिवस लख्ख आठवला. तेव्हा ती वरण वाढत होती आणि वाढतच राहिली होती. दामिनी आजही हसली, म्हणाली, "बरं बाबा. आंबे मीच आनले तसे," आणि उठून पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. रागिणीचं वचन मोडलं होतं. आता नणंदेने एक शब्द काढला असता तर रागिणीची अब्रू तिथेच गच्चीवर सांडली असती.

"चाल, आठवा," महादेवराव हात चोळत म्हणाले. "रागिणी, बी आन."

रागिणीने दामिनीकडे पाहिलं. दामिनीने मान वळवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दुधवाल्याकडे भलत्याच लक्षपूर्वक पाहू लागली. ती काही बोलणार नव्हती. रागिणीला इतकी लाज वाटली की पुरचुंडी सोडताना तिची गाठच सुटेना.

महादेवरावांनी मिरची घेतली, उन्हाकडे धरली. "जराशी सडपातळ दिसते यंदा." मग मोडली, आतली शीर बियांसकट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बोटांवर मोजू लागले. सगळं घर त्यांच्या ओठांकडे पाहत होतं. अंकुर तर बरोबरीने मोजत होता. एक. दोन. तीन. चार.

चाराला महादेवरावांचे डोळे खाडकन उघडले. कान लाल झाले. आणि त्यांना उचकी लागली, अशी की खुर्ची सरकली.

"पानी! पानी आना!" कौशल्याबाई धावल्या.

"ही," उचकी, "ही आपली," उचकी, "नाई!"

सगळ्या माना रागिणीकडे वळल्या. तिने पदर सावरला. एकदा वाटलं, म्हणावं, हवेने झालं असेल, पाण्याने झालं असेल. पण टाकीला टेकलेली ती बाई तिच्यासाठी गप्प राहिली होती, आणि तिच्या देखत खोटं बोलायला जीभ वळेना.

"मामाजी, आपलं बी जळलं," ती म्हणाली. "चैत्रात, अंकुरच्या नजरेच्या वक्ती. मीच खिळ्यावरची माळ काढून आईच्या हातात देल्ली. ह्या मिरच्या मी ताईले मागून आनल्या. तुमी बी माह्यापाशी देल्लं आन् माह्याच्यानं सांभाळनं झालं नाई." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"म्हंजे," कौशल्याबाई हळूहळू म्हणाल्या, "तवा वास येऊन रायला होता?"

भागीरथाबाई म्हणाल्या, "कौशल्याबाई, मी दोन दिवस खिडकी नाई उघडली."

"आन् तुमी सारे खोकून खोकून..." त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "मले वाटलं, नजर निघून रायली!"

आधी अंकुर हसत सुटला. मग गजेंद्र, मग भागीरथाबाई पट्टी तोंडावर धरून. रडता रडता रागिणीही हसली, आणि उचक्यांच्या मधून महादेवराव हसू लागले, तेव्हा उचकी आणि हसू मिळून जो आवाज निघाला त्याने शेजारच्या गच्चीवरचे लोक डोकावले.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, बह्याड पोरी," महादेवराव म्हणाले. "धूर आला तसा मी मोजत होतो. अकराव्याले ठसका लागला. बाजारची मिरची तं दोनालेच ठसका देते." उचकी. "म्हटलं, तू सांगशीन. आज सांगशीन, उद्या सांगशीन. सांगून टाकलं, झालं. पन मंग हे काय हाय?" त्यांनी हातातली अर्धी मिरची वर धरली. "दामे, आमी तुले नांदगावची देल्ली होती. हे कोनती?"

दामिनी टाकीपासून हलली नाही. "नांदगावचीच हाय."

"मी ग्रेडर हाय. मले नको शिकवू."

"नांदगावचीच हाय, बाबा. फोडनीले तुमी देता ना, त्याच्यातलं बी काढून मी लावलं. तीन वर्सं झाली. बालकनीत, दोन कुंड्या. आमच्या सासूबाईची लवंगी होती बाजूले, मच्छरदानी कुठून आनू मी?" तिचा आवाज चढला आणि मध्येच चिरला. "मागून भेटलं नसतं. म्हनून न मागता घेतलं. फोडनीत एक मिरची कमी टाकली, बस. यवढंच घेतलं मी नांदगावचं."

गजेंद्र स्वतःच्या पायांकडे पाहत होता, आणि या वेळी चपलेला काही झालं नव्हतं.

महादेवरावांनी उरलेली अर्धी मिरची पुन्हा जिभेवर ठेवली. "अवो, काहून जीव देता!" कौशल्याबाई ओरडल्या, पण त्यांनी हाताने थांबवलं आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, उचकी, पाच, उचकी. डोळ्यांतून धारा लागल्या. सात. आठ. दामिनी नकळत दोन पावलं पुढे आली. दहा. अकरा.

ते थांबले. जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"आली," ते म्हणाले. "गोडी आली. मांगून आली, पन तेच हाय. माह्या मायची." मग ते दामिनीकडे वळले. "अकोल्याले जाऊन तिखट झाली जराशी. होईन नाई तं काय."

"भेसळ हाय ना?" दामिनी म्हणाली.

"कोन म्हनते?" महादेवराव खेकसले. "अंकुर, खालून तुह्या बापाचा रंगाचा डबा आन. आन् ब्रश."

कूलरला मारायचा निळा ऑइलपेंट आला. महादेवराव गुडघ्यांवर हात देत आठव्या टबापाशी खाली बसले. नोकरीत कापसाच्या गाडीवर दर्जा टाकायचे तशा ठळक अक्षरांत त्यांनी पत्र्यावर लिहिलं, ७/१२. त्याखाली, दामिनी. आणि त्याखाली आपली पूर्ण सही केली.

"त्या दिवशी तुही सही घेतली होती," ते म्हणाले. "आज माही घे."

रागिणीने दामिनीचा हात धरून तिला टबाजवळ बसवलं, बी तिच्या तळहातावर ठेवलं, आणि दोघींनी मिळून मातीत बोटं खुपसली. उरलेल्या मिरच्यांची महादेवरावांनी दोन पुरचुंड्या केल्या. एक लेकीला दिली, एक सुनेला. "खिळ्यावर नको," ते सुनेला म्हणाले. "गोदरेजच्या कपाटात ठेव, पाटल्यापाशी."

मतं न घेताच तिसरा टब ढोबळीला परत मिळाला. गजेंद्रने आपली भावनगरी ताईला देऊ केली, आणि तिने भजी आवडत नाहीत म्हणून नाकारली, तेव्हा त्याला इतकं हायसं वाटलं की सगळ्यांना दिसलं. कौशल्याबाई हे सगळं पाहत होत्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "कोनाची नजर नको लागाले माह्या घराले. रागिणी, सात मिरच्या आन बरं!"

"नाई!" सहा जण एकदम ओरडले. रागिणीने पुरचुंडी पोटाशी धरली, आणि दामिनी तर टबावर आडवीच झाली.

त्या गोंधळात ओला रंग तिच्या पदराला लागला. निळा, उलटा उमटलेला, पण सात, बारा आणि तिचं नाव ओळखू येत होतं. दुपारी रस-सरगुंडे झाले, आणि ती निघाली तेव्हा गजेंद्र टर्पेंटाइनची बाटली आणि फडका घेऊन फाटकापर्यंत मागे आला. "थांब ताई, पाच मिन्टात साफ करून देतो. डाग रायला तं साडी वाया जाईन."

दामिनीने पदर मागे ओढला आणि ऑटोत बसली.

"हात नको लावू," ती म्हणाली. "कागद हाय तो माहा."